वऱ्हाडांतील मारवाडी

१८४५ नंतर आयर्लंडांत बटाट्याचें पीक कुजलें व हजारों आयरिश कुटुंबें स्कॉटलंडच्या गिरण्या-खाणींकडे वळलीं. पुढें लिथुआनियाचे लोकहि तेथील कोळशाच्या खाणींत शिरले. मजुरी पाडणारे परके म्हणून दोघांनाहि स्कॉच कामगारांचा रोष सोसावा लागला. वऱ्हाडांतील मारवाड्यांची हकीकत अर्धी अशीच आहे, अर्धी नेमकी उलटी. आयरिश मनुष्य मजूर म्हणून आला व मजूरच राहिला. मारवाडी पेढीवर मुनीम म्हणून आला आणि पुढें गांवाचा सावकार झाला.

१८५३ मध्यें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें. १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ पर्यंत आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून नागपुरास पोंचली. १८७० मध्यें खामगांवला व मागाहून अमरावतीला फांटा निघाला. मारवाडी व्यापारी पूर्वींहि होते. आतां कापसाच्या बाजारागणिक त्यांच्या पेढ्या दिसूं लागल्या. पेरणीला बीं, लग्नाला रोकड, सरकारसाऱ्याला पैसा, सर्व एकाच ओट्यावर मिळे. फेड कापसानें, आणि भाव सावकाराचा! १८६५ मध्यें तें युद्ध संपलें. भाव उतरले, कर्ज उतरलें नाहीं.

१८७५ मध्यें पुणें व नगर जिल्ह्यांत कुणब्यांनीं मारवाडी-गुजर सावकारांचीं कर्जखतें जाळलीं. वऱ्हाडांतहि कित्येकांच्या जमिनी कर्जापायीं गेल्या; हें झांकण्यांत अर्थ नाहीं. परंतु ज्या कायद्याच्या बळावर त्या गेल्या तो मारवाड्यानें केलेला नव्हता. शिवाय मराठी बोलणारे सावकारहि व्याजाला मऊ नव्हते. ‘परका’ ही शिवी तेवढी त्यांना लागू पडत नव्हती.

घरांत मारवाडी, ओट्यावर वऱ्हाडी, अशी दुहेरी बोली पिढ्यानुपिढ्या चालली. सोयरीक मात्र आपल्याच जातींत. जवळीक झाली ती बाजारांत आणि पुढें राजकारणांत. अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी (१८९६–१९६८) हे मारवाडी घराण्यांतले. पण त्यांनीं अकोल्याहून ‘मातृभूमि’ हें पत्र चालविलें तें मराठींत. वऱ्हाडच्या काँग्रेसचे ते पुढारी झाले आणि ‘विदर्भकेसरी’ म्हणून ओळखले गेले. विदर्भाचें स्वतंत्र राज्य व्हावें म्हणून ज्यांनीं हट्ट धरला त्यांत हे राजस्थानी वंशाचे गृहस्थ अग्रभागीं असावेत, हा योग स्कॉटलंडांतील आयरिशांना सहसा लाभला नाहीं. तें राज्य झालें नाहीं. १९६० मध्यें विदर्भ महाराष्ट्रांत आला. अमरावतीच्या एका विज्ञान महाविद्यालयाला बियाणींचें नांव आहे.