जनुक-शमन, वनस्पतींमधील
डीएनएचा अक्षरक्रम न बदलता जनुकाचे काम बंद पडणे. वाराणसी भागातील मिरचीवरचा चुरडामुरडा (बोकड्या) हे याचे उत्तम अभ्यासक्षेत्र. पाने वाटीसारखी वर वळतात, पेरे आखूड होतात. पांढऱ्या माशीने आणलेल्या जेमिनी विषाणूचा डीएनए पेशीकेंद्रात शिरला की झाड 24 न्यूक्लिओटाइडांचे आरएनए तुकडे घडवते. त्यांच्या आधारे विषाणूच्या सायटोसिनवर मिथिल गट चढतात व त्याची जनुके थंडावतात. हा बचाव नसून संसर्गाचा निव्वळ परिणाम असावा, हा आक्षेप टिकत नाही. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत मिथिलीकरण बिघडलेली अरॅबिडॉप्सिसची झाडे अशाच जेमिनी विषाणूंना जास्त बळी पडली. शिवाय काही जेमिनी विषाणूंच्या उपग्रही डीएनएचे प्रथिन मिथिलचा पुरवठाच रोखते. अडसर नसता तर ही तजवीज कशाला? ‘काशी अनमोल’ ही मिरची देणारी भारतीय भाजीपाला संशोधन संस्था वाराणसीतच आहे. तेथे प्रतिकारक वाण निवडताना पानांच्या लक्षणांइतकेच मिथिलीकरणही तपासावे.