चांदीपुरा विषाणूची घडण

नागपूरच्या परिसरांत १९६५ सालीं तापाची मोठी सांथ पसरली होती. हाडें ठणकविणारा डेंग्यू आणि सांधे धरणारा चिकुनगुन्या हे दोन्ही ताप तींत एकत्र आले होते. रोग्यांच्या रक्ताचे नमुने पुण्यास, विषाणु-संशोधन केंद्राकडे तपासले जात. भारतीय वैद्यक संशोधन परिषद व अमेरिकेंतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांच्या सहकार्यानें हें केंद्र १९५२ सालीं स्थापन झालें. पुढें १९७८ सालीं त्यासच राष्ट्रीय विषाणु विज्ञान संस्था हें नांव मिळालें. त्या नमुन्यांपैकीं दोघां रोग्यांच्या रक्तांत या दोहोंहून निराळाच विषाणु निघाला. नागपूरजवळच्या चांदीपुरा या गांवावरून त्याचें नांव ठेवण्यांत आलें. विषाणूची ओळख पटली खरी, पण गांवाच्या नांवास मात्र उगीच बट्टा लागला! भट्ट व रॉड्रिग्ज या संशोधकांनीं १९६७ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, आणि त्यानंतर सुमारें चार दशकें तज्ज्ञांच्या वर्तुळाबाहेर त्याची फारशी वाच्यता झाली नाहीं.

२००३ सालीं आंध्र प्रदेशांत लहान मुलांना अकस्मात् ताप येऊं लागला. ताप, ओकारी, आंचके, आणि मग बेशुद्धि. ३२९ मुलें आजारी पडलीं व त्यांपैकीं १८३ दगावलीं. जपानी मेंदूज्वर, डेंग्यू, गोवर, इन्फ्लुएंझा या नेहमींच्या सर्व रोगांची परीक्षा पुण्याच्या संस्थेंत झाली. एकाचाही माग लागेना. अखेर सहा रोग्यांच्या नमुन्यांतून एक विषाणु वाढविण्यांत यश आलें. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं तो दिसला तो बंदुकीच्या गोळीसारखा, एका टोकास गोल व दुसऱ्या टोकास सपाट. रक्तद्रवाच्या परीक्षांनींही तेंच सांगितलें. १९६५ सालचा चांदीपुराच तो! मृत झालेल्या एका बालकाच्या मेंदूंतही त्याचा अंश सांपडला.

ही गोळीची आकृति बनते कशी? चांदीपुराचा सारा संसार अवघ्या पांच प्रथिनांचा आहे. त्याचा वंशलेख म्हणजे सुमारें अकरा हजार अक्षरांचा आरएनएचा एक धागा. एन नांवाचें प्रथिन या धाग्यास माळेच्या मण्यांप्रमाणें ओळीनें बिलगतें. चांदीपुराच्या सजातीय अशा गुरांच्या तोंडास फोड आणणाऱ्या अमेरिकन विषाणूंत प्रत्येक मण्याखालीं नऊ अक्षरें झांकलीं जातात असें दिसून आलें आहे. तोच हिशेब येथें धरला तर बाराशेंहून अधिक मणी लागतात. एल हें प्रथिन नकला काढणारें, पी त्याचें साहाय्यक. एम हें प्रथिन त्या माळेची घट्ट गुंडाळी करून तिला पेशीच्या आवरणाशीं नेऊन भिडवतें, आणि जी या प्रथिनाचे कांटे त्या आवरणावर उभे राहतात. मग पेशीच्या कडेस अंकुर फुटावा तसा विषाणु बाहेर पडतो.

नागिणीच्या विषाणूची रीत याहून पुष्कळच खटपटीची आहे. त्याच्या कुळांतील विषाणु पेशीकेंद्राच्या आंत प्रथम प्रथिनांची पराती उभारतात, तिच्याभोंवतीं कवच रचतात, मग पराती कापून काढतात व एका द्वारांतून डीएनए आंत भरतात. त्या कवचाचे १६२ घटक १९६० सालीं मोजले गेले. चांदीपुरास पराती नाहीं. परंतु त्यालाही एका गोष्टीची काळजी घ्यावी लागते.

ती गोष्ट कलकत्त्यांतील ध्रुवज्योति चट्टोपाध्याय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उलगडली. एन हें प्रथिन एकटें सोडलें तर तें स्वतःशींच गोळा होऊन बसतें, आणि समोर येईल त्या आरएनएला, मग तें पेशीचें कां असेना, चिकटतें. अशानें विषाणूची बांधणी व्हावयाची कशी? पी प्रथिन येथें पालकाचें काम करतें. तें एनचा हात धरून त्यास गोळा होऊं देत नाहीं, आणि परक्या धाग्यापासून आवरून विषाणूच्याच धाग्याकडे नेतें. २००१ सालापासून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांचें हें सार.

या जोडीची ताटातूट करतां आली तर विषाणूची घडणच थांबेल, या आशेनें तिच्याकडे पाहिलें जातें. आशा रास्त आहे. पण नळींतील प्रयोग आणि आजारी बालकाचा मेंदू यांत फार अंतर आहे. या रोगावर विशिष्ट औषध अथवा लस अद्याप हातीं आलेली नाहीं. जून ते ऑगस्ट २०२४ मध्यें मुख्यतः गुजरातेंत मेंदूज्वराची सांथ आली, तेव्हां ६४ रोग्यांत हाच विषाणु असल्याचें निश्चित झालें. वैद्यांच्या हातीं उरते ती शुश्रूषा: ताप उतरविणें, आंचके आवरणें, शरीरांतील पाणी राखणें. विषाणु पसरवणारी वाळूमाशी मातीच्या भिंतींच्या भेगांत व गुरांच्या गोठ्यांत लपते, म्हणून गांवोगांव त्या भेगा लिंपण्याचें व गोठ्यांतून कीटकनाशक भुकटी मारण्याचें काम चालतें.