खाण पाहायला जाण्याची कुळकथा

काम नसताना खाणीत उतरायचं, नुसतं पाहायला, ही रीत जुनी आहे. तिचं एक मूळ पोलंडमध्ये, क्राकोवजवळच्या व्येलिच्काच्या मिठाच्या खाणीत सापडतं.

इथे तेराव्या शतकापासून मीठ खणलं जाई. आपल्या सैंधवासारखं हे खडकातलं मीठ, पण रंगाने करडं, कुठे हिरवट. चौदाव्या शतकात राजाच्या उत्पन्नाचा सुमारे तिसरा हिस्सा मिठातून येत होता. अशी जागा वाटेल त्याला दाखवत नसत. उतरायला मिळणं हा मोठा मान होता. १४९३च्या सुमारास कोपर्निकस येऊन गेला असं मानतात. पाहुणे जाड दोराला बांधलेल्या पट्ट्यांत बसून अंधारात खाली जात. १७७२ साली खाण ऑस्ट्रियाकडे गेली आणि १७७४पासून पाहुण्यांची नोंदवही सुरू झाली. १७९० साली कवी गटे आला.

या पाहुण्यांपेक्षा मला मोलाचे वाटतात ते खाणकामगार. रोज जीव मुठीत धरून उतरणाऱ्या या माणसांनी प्रार्थनेसाठी खालीच देवघरं कोरली. संत किंगाचं चॅपल जमिनीखाली १०१ मीटरवर आहे. १८९६ साली यूझेफ मार्कोव्स्कीने ते कोरायला घेतलं, पुढे त्याचा भाऊ तोमाश आणि मग आंतोनी विरोदेक यांनी काम चालवलं. तिघेही खाणीतलेच. वेदी मिठाची, फरशी मिठाची, झुंबरांचे लोलकसुद्धा मिठाचे. एवढं देखणं काम कुणा दरबारी शिल्पकाराचं नाही, हे तिथे जाणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

१९७८ साली युनेस्कोच्या पहिल्याच यादीतल्या बारा स्थळांत व्येलिच्का होती. पण १९८९ साली ती धोक्यातल्या वारशांमध्ये गेली, कारण बाहेरून येणाऱ्या दमट हवेने शिल्पं झिजत होती. हवा कोरडी करणारी यंत्रणा बसल्यावर १९९८ साली तिचं नाव त्या यादीतून निघालं. दरम्यान १९९६ साली खणणं थांबलं होतं. आता वर्षाला दहा लाखांहून जास्त माणसं येतात, आणि दानिवोविच विहिरीच्या लाकडी जिन्याने उतरतात.

मीठ मात्र अजूनही तयार होतं. खाणीत झिरपणारं पाणी उपसलं नाही तर भिंती विरघळतील, म्हणून ते वर आणून आटवतात.