रुग्ण काय जेवला, हे कोणी लिहायचे?

शाळेच्या प्रगतिपुस्तकात उंची आणि वजनासाठी दोन रकाने असतात. ते बहुधा घाईघाईने भरले जातात आणि भरणाऱ्याला ते कारकुनी काम वाटते. पण हेच दोन आकडे मोठमोठ्या रुग्णालयांतल्या कागदांवर पुष्कळदा नसत, हे ऐकून आश्चर्य वाटेल. १९७४ साली अमेरिकेतील डॉ. चार्ल्स बटरवर्थ यांनी ‘रुग्णालयाच्या कपाटातला सांगाडा’ अशा अर्थाच्या मथळ्याचा एक लेख लिहिला. कपाटातला सांगाडा म्हणजे इंग्रजीत घरातले झाकून ठेवलेले गुपित. इथे ते गुपित असे होते, की उत्तम उपचार चालू असतानाच माणसे उपासमारीने खंगत होती. बटरवर्थ यांनी कारणेही मांडली होती: वजन-उंची न नोंदणे, रुग्ण किती जेवला ते न पाहणे, तपासण्यांसाठी जेवण चुकवणे, आणि दिवसचे दिवस नुसत्या ग्लुकोज-सलाईनवर ठेवणे.

यातल्या शेवटच्या मुद्द्याचे गणित वर्गात करून पाहता येईल. पाच टक्के ग्लुकोजच्या एक लिटर द्रावणात ५० ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे फार तर २०० किलोकॅलरी. दिवसाला तीन लिटर दिले तरी ६००. नुसते पडून राहणाऱ्या प्रौढ माणसालाही याच्या दुपटीच्या आसपास ऊर्जा लागते. प्रथिने तर त्यात नसतातच. ‘सलाईन लावली आहे, आता काळजी नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा हा हिशेब कोणी केलेला नसतो.

कर्करोगात हा प्रश्न अधिक अवघड होतो. या रोगात माणूस झिजतो हे वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. त्या झिजेला ‘कॅकेक्सिया’ हे ग्रीक मुळाचे नाव आहे, अर्थ ‘वाईट अवस्था’. ही साधी उपासमार नव्हे. गाठीमुळे शरीरात दाहकारक द्रव्ये तयार होतात, ती भूक मारतात आणि स्नायूंतील प्रथिने मोडायला लावतात. शिवाय केमोथेरपीने मळमळ होते, तोंड येते, अन्नाला धातूसारखी चव येते.

यात एका समजुतीची भर पडते. रुग्णाला खाऊ घातले तर गाठच पोसली जाईल, म्हणून गोड बंद, दूध बंद, कधी एकवेळचे जेवणही बंद. जर्मनीतील ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवले होते की, गाठीतील पेशी भरमसाट ग्लुकोज वापरतात. तेवढे खरे. पण ताटातली साखर काढली म्हणून गाठ उपाशी राहत नाही. यकृत स्नायूंच्या प्रथिनांपासून ग्लुकोज बनवते आणि गाठ ते घेते. उपाशी राहतो तो रुग्ण.

वजनाच्या आकड्याचे मोल १९८० मध्ये नीट कळले. विल्यम डीवीस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत केमोथेरपी घेणाऱ्या ३,०४७ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. उपचारांपूर्वीच ज्यांचे वजन घटले होते, ते सर्वसाधारणपणे कमी काळ जगले. जठराच्या कर्करोगात तर दहांपैकी आठांहून अधिक जणांचे वजन आधीच घटलेले होते.

मग भरपूर खाऊ घालावे, हा उपाय ओघानेच आला. तोवर साधनही हाती आले होते. फिलाडेल्फियात स्टॅनली डड्रिक यांनी १९६० च्या दशकात कुत्र्याची पिल्ले केवळ शिरेतून दिलेल्या आहारावर वाढवून दाखवली होती. आतड्याने काम सोडलेल्यांना या शोधाने जीवदान दिले. पुढे केमोथेरपी घेणाऱ्या अनेकांना सरसकट अशी नळी लावली गेली आणि निराशा पदरी आली. जंतुसंसर्ग वाढला, आयुष्य वाढले नाही. १९८९ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने हा सरसकट वापर टाळण्याचा सल्ला दिला.

माझ्या मते या इतिहासातला सर्वांत बोलका प्रयोग लिस्बनचा आहे. पाउला रावास्को यांनी प्रारणोपचार (रेडिएशन) घेणाऱ्या, मोठ्या आतड्याचा व गुदाशयाचा कर्करोग असलेल्या १११ रुग्णांचे तीन गट केले. एकाला आहारतज्ज्ञाने बसून, रोजच्याच अन्नातून काय, कसे, केव्हा खावे ते समजावले. दुसऱ्याला प्रथिनयुक्त तयार पेय दिले. तिसरा गट नेहमीसारखा. उपचार संपताना पहिल्या दोन्ही गटांचा आहार सुधारला होता. तीन महिन्यांनी पाहिले तर सुधारणा टिकली होती ती फक्त बोलणे झालेल्या गटात. हे २००५ साली प्रसिद्ध झाले.

पण बोलणार केव्हा? केमोथेरपीचा रुग्ण बहुतेक दिवस घरी असतो. दोन भेटींमध्ये पुष्कळदा तीन आठवडे जातात, आणि जेवण सुटते ते नेमके त्या दिवसांत. संगणक आणि फोन इथे उपयोगी पडले. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात ईथन बाश यांनी ७६६ रुग्णांवर प्रयोग केला. काही रुग्णांनी भूक न लागणे, मळमळ, वेदना अशी बारा लक्षणे स्वतःच संगणकावर नोंदवायची. तक्रार वाढली की परिचारिकेला लगेच सूचना जायची. २०१७ साली निष्कर्ष आला: नोंदवणाऱ्या गटाचे मध्यक आयुष्य ३१.२ महिने, इतरांचे २६. संगणक पूर्वी फारसा न हाताळलेल्या रुग्णांना काही बाबतींत फायदा अधिक झाला, हे विशेष.

म्हणजे यंत्राने काम फत्ते केले असे समजू नये. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी अन्ननलिका, जठर व स्वादुपिंडाच्या कर्करोगात फोनवरून किंवा मोबाइलच्या अ‍ॅपमधून आहारसल्ला दिला, तेव्हा रुग्णांच्या आयुष्यात व त्याच्या गुणवत्तेत ठोस फरक पडला नाही. बाश यांच्या प्रयोगातही सूचना मिळताच रुग्णाकडे लक्ष देणारी परिचारिका होती, हे विसरता येत नाही.

वजनकाटाही फसवतो. पोटात पाणी साठले किंवा गाठ मोठी असली, तर अंगावर मांस नसताना वजन ठीक दिसते. लहान मुलांत म्हणून दंडाचा घेर टेपने मोजतात. अंगणवाडीत हा टेप अनेकांनी पाहिला असेल. मोठ्यांसाठी कॅनडातील कार्ला प्राडो व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये वेगळी वाट दाखवली. गाठ पाहण्यासाठी सीटी स्कॅन काढलेलाच असतो. त्यातला कमरेच्या तिसऱ्या मणक्याजवळचा एक छेद घेऊन संगणकावर स्नायूंचे क्षेत्रफळ मोजायचे. त्यांनी तपासलेल्या २५० स्थूल रुग्णांपैकी १५ टक्क्यांचे स्नायू धोक्याच्या पातळीइतके घटलेले निघाले. चरबीखाली ती झीज कोणाला दिसली नव्हती.

आणि ज्यांच्याकडे ना संगणक, ना आहारतज्ज्ञ? ऑस्ट्रेलियातच १९९९ साली तयार झालेली एक चाचणी मुळात दोन प्रश्नांची आहे. अलीकडे प्रयत्न न करता वजन घटले आहे का, आणि किती? भूक नसल्यामुळे जेवण कमी झाले आहे का? घरातले कोणीही हे प्रश्न विचारू शकते, उत्तरे तारखेसह वहीत लिहू शकते, आणि पुढच्या भेटीत ती वही डॉक्टरांसमोर ठेवू शकते.