लिस्बनचा भूकंप आणि ख्रिस्ती धर्मबोध

दैनंदिन जीवनातून व समकालीन घटनांतून धर्मबोध काढण्याची ख्रिस्ती परंपरा येशूच्या दृष्टांतकथांइतकी जुनी आहे. पेरणारा, खमीर, हरवलेले मेंढरू हे विषय त्याने नित्यव्यवहारातून घेतले. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे दगावली, ती इतरांहून अधिक पापी नव्हती, असे सांगून त्याने श्रोत्यांनाच पश्चात्तापाचे आवाहन केले (लूक १३).

या परंपरेची कसोटी १ नोव्हेंबर १७५५ रोजी पोर्तुगालची राजधानी लिस्बन येथे लागली. सर्व संतांच्या सणानिमित्त चर्च भाविकांनी भरलेली असताना भूकंप झाला. पाठोपाठ सागरी लाटा व आग यांनी शहर उद्‌ध्वस्त केले. भूकंप हे ईश्वरी शासन होय, असे इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली (१७५५) व लिस्बनमध्ये जेझुइट धर्मोपदेशक गाब्रिएल मालाग्रिदा (१७५६) यांनी प्रतिपादिले. पुनर्बांधणीपेक्षा पश्चात्ताप निकडीचा, हा मालाग्रिदाचा आग्रह मंत्री कार्व्हाल्यू (पुढे पोंबालचा मार्क्विस) यास घातक वाटला. मालाग्रिदाला सेतुबाल येथे पाठविण्यात आले. पुढे इन्क्विझिशन या धर्मन्यायपीठाने पाखंडी ठरविल्यावर १७६१ मध्ये त्याला देहान्त शासन झाले.

दुसरीकडे, धक्के किती वेळ टिकले, किती हानी झाली, यांविषयीची शासकीय प्रश्नावली १७५६ मध्ये धर्मग्रामांकडे गेली व तिची उत्तरे तेथील धर्मगुरूंनीच लिहिली. भूकंपविज्ञानाच्या इतिहासात ती महत्त्वाची ठरली. आपत्तीतून बोध घेणे वेगळे व आपद्‌ग्रस्तांस दोषी ठरविणे वेगळे, हा शिलोहाच्या उपदेशातील भेद लिस्बनच्या वादाने पुन्हा ऐरणीवर आणला.