तहाचे चित्र, युद्धाचा कागद

१/ शनिवारवाड्यातील गणेश रंगमहालाचे वैभव आज पाहावयाचे, तर लंडनच्या टेट संग्रहातील एका तैलचित्राकडे वळावे लागते. वाड्यातील इमारती १८२८ च्या आगीत नष्ट झाल्या. थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये पूर्ण केलेल्या या चित्राचा विषय आहे पुण्याच्या दरबारात १७९० चा तह सादर करणारा इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट.

२/ गादीवर सोळा वर्षांचे सवाई माधवराव, सोबत नाना फडणवीस, भोवती मानकरी. इंग्रजही दरबारी रिवाजाप्रमाणे बिछायतीवर बसले आहेत. मॅलेट पेशव्यांना कागद देतो आहे. साऱ्या नजरा त्या कागदाकडे वळतात. दोन सत्ता सलोख्याने एकत्र आल्या, असेच पाहणाऱ्यास वाटते.

३/ परंतु त्या कागदात काय होते? १ जून १७९० च्या या तहानुसार पेशवे, निजाम आणि कंपनी यांनी मिळून टिपूवर चालून जावयाचे आणि जिंकलेला मुलूख तिघांनी सारखा वाटून घ्यावयाचा होता. १७९२ मध्ये टिपूला अर्धे राज्य सोडावे लागले. दोन पुत्र ओलीस द्यावे लागले.

४/ तरीही चित्रातील सलोखा सर्वस्वी खोटा नव्हता. १७८२ च्या सालबाईच्या तहाने पहिले इंग्रज-मराठे युद्ध संपले होते. १७८६ मध्ये मॅलेट रेसिडेंट म्हणून पुण्यास आला. मराठे व इंग्रज यांच्यात तेव्हा शांतता होती. तिच्या आधारावरच तिसऱ्याविरुद्धचे युद्ध उभे राहिले.

५/ दरबाराचा हा प्रसंग डॅनियलने पाहिला नव्हता. त्याने आधार घेतला जेम्स वेल्सच्या रेखाटनांचा. पण वेल्सही पुण्यात पोहोचला तो तहानंतर. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव गेले, नोव्हेंबरमध्ये वेल्स. पुढे १७९९ मध्ये वेल्सची कन्या सुझॅना हिच्याशी मॅलेटचा विवाह झाला. अपुरे काम डॅनियलकडे आले.

६/ तोवर काळ पालटला होता. १८०२ च्या अखेरीस वसईचा तह झाला. १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला पडला, असईची लढाई झाली. १८०४ मध्ये आपल्या नाशिक जिल्ह्यातील चांदवड हे होळकरांचे ठाणे इंग्रजांनी घेतले. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये हे सलोख्याचे चित्र प्रदर्शित झाले!

७/ म्हणून या चित्राच्या दोन तारखा ध्यानी ठेवाव्यात. १७९० मध्ये पेशवा बरोबरीचा मित्र होता; १८०५ मध्ये कंपनीच्या फौजेवर विसंबलेला. लंडनच्या प्रेक्षकाला मात्र इंग्रजांची सत्ता संमतीने, सन्मानाने आणि कागदोपत्री आलेली दिसत होती.

८/ पेशवे दरबाराचे जणू छायाचित्र म्हणून आपण हे चित्र पुनःपुन्हा वापरतो. पोशाख, खांब, बैठक यांसाठी ते मोलाचे आहेच. पण ते मॅलेटच्या कर्तृत्वाचे स्मारक आहे, हे सांगितल्याशिवाय ते पुढे पाठवू नये.