काविळीवाचून लेप्टोस्पायरोसिस : फुफ्फुसांतील रक्तस्रावाच्या निदानाचा इतिहास

रोगास मिळालेले नाव कधी कधी त्याच्या निदानातच अडसर ठरते. लेप्टोस्पायरोसिसचा इतिहास हे याचे ठळक उदाहरण होय. १८८६ मध्ये आडोल्फ वाइल या जर्मन वैद्याने ताप, कावीळ व मूत्रपिंडाचा दाह या लक्षणांचे एकत्र वर्णन केले. १९१५ मध्ये इनाडा व इडो या जपानी संशोधकांनी त्यामागील मळसूत्राकार जंतू शोधून काढला. कारण निश्चित झाले. परंतु ‘वाइलचा रोग’ म्हणजे कावीळ, ही समजूतही रूढ झाली.

अंदमानात हा रोग असल्याचे टेलर व गोयल यांनी १९३१ मध्येच प्रसिद्ध केले होते. तरीही १९८८ पासून पावसाळ्याच्या अखेरीस तेथे ताप, कफातून रक्त पडणे व श्वासावरोध अशी साथ उद्भवू लागली, तेव्हा तिला ‘अंदमानचा रक्तस्रावी ताप’ असे निराळे नाव मिळाले. पुढे १९९० नंतरच्या दशकात रक्तजल-परीक्षेने ती साथ लेप्टोस्पायराचीच असल्याचे सिद्ध झाले. १९९५ मध्ये निकाराग्वातही कावीळ नसलेले रुग्ण फुफ्फुसांतील रक्तस्रावाने दगावले.

महाराष्ट्रात हा प्रश्न २००५ मध्ये तीव्रतेने पुढे आला. २६ जुलै रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यापाठोपाठ मुंबईत या रोगाची साथ पसरली. उंदरांच्या मूत्राने दूषित झालेले पाणी त्वचेवरील जखमांतून जंतू शरीरात पोचविते. डहाणू तालुक्यातील चिंचणीसारख्या किनाऱ्यावरील गावांच्या परिसरात भातलावणी चिखलात उभे राहूनच करावी लागते. तेथे पुरावाचूनही हा मार्ग खुला असतो.

निदानाची खरी अडचण काळाची आहे. प्रतिद्रव्ये पहिल्या आठवड्यात बहुधा आढळत नाहीत व खात्रीसाठी काही दिवसांनी रक्ताचा दुसरा नमुना लागतो. उलट फुफ्फुसांतील रक्तस्राव सुरू झाल्यावर रुग्ण दोनतीन दिवसांतही दगावू शकतो. शिवाय रक्त वायुकोशांतच साठल्यास कफात ते दिसतही नाही. क्ष-किरण चित्रातील छाया व रक्तातील हिमोग्लोबिनची घट यांवरूनच त्याचा संशय येतो. म्हणून पेनिसिलिन अथवा सेफ्ट्रियाक्सोन परीक्षेच्या निष्कर्षाची वाट न पाहता सुरू करावे लागते. प्राणवायू, श्वसनयंत्र व गरजेनुसार रक्तशुद्धीकरण यांची जोड द्यावी लागते. स्टेरॉइडांच्या उपयोगाविषयी मात्र अद्याप एकमत नाही.

सारांश, पावसाळ्यात चिखलपाण्याशी संबंध आलेल्या तापाच्या रुग्णास दम लागल्यास, डोळे पिवळे नाहीत एवढ्यावरून हा रोग नाकारता येत नाही.